पिठावरचा खुरीस

शिसारी हा शब्द मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवला. मुलांकडून त्याचा वाक्यात उपयोग करून घेतला. पण तो माझ्या अंगावर आला निवृत्तीनंतर, आमच्या गावातल्या चहाच्या दुकानात, पुढ्यात पातळ भाजीची बशी आणि हातात गरम पाव असताना.

आमचं गाव पेडणे तालुक्यातलं. सकाळची म्हापशाची बस निघून गेली, कामाधंद्याची माणसं पांगली, की दुकानात उरतो तो आमच्यासारखा रिकामटेकडा माल. त्यात एक ट्रकवाला होता. सुर्ल्याच्या खाणीवर त्याचे दोन ट्रक चालायचे. खाणी बंद झाल्या, ट्रक दारात गंजत उभे राहिले आणि हा मोबाइल घेऊन दुकानात बसायला लागला. त्या सकाळी त्याने सगळ्यांच्या नाकासमोर तो मोबाइल धरला. टोपी घातलेला कुणी माणूस कणकेवर थुंकतो आहे, असं ते चित्र. कुठलं, कधीचं, खरं की बनावट, कुणीही विचारलं नाही. ट्रकवाल्याच्या गालात गुटखा होता. चित्र संपल्यावर तो उठला, पायरीवरूनच रस्त्यात लाल पिचकारी मारली, हाताने मिशी पुसली आणि परत येऊन त्याच हाताने टोपलीतले पाव दाबून दाबून बघू लागला.

"आमच्या फोर्नार पण मुसलमानच आसा, इसरू नकात," तो म्हणाला.

मला शिसारी आली ती त्याच्या त्या हाताची. ते मी तेव्हाच बोलून दाखवलं असतं, तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती.

फोर्न म्हणजे पावाची भट्टी. आमच्या गावात ती एकच, कारण ख्रिस्ती घरही एकच, पोदेराचं. पाव भाजणारा तो पोदेर वारला त्याला आता बरीच वर्षं झाली. मागे त्याची बायको राहिली, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी अधू. सगळं गाव तिला माय म्हणतं. मुलगा परदेशात. आईने त्या घरात एकटं राहू नये, म्हापशाच्या बाजूला नन चालवतात त्या आश्रमात जावं, असं त्याचं म्हणणं. माय ऐकेना. तिने फोर्न बेळगावकडच्या एका मुसलमान पोदेराला चालवायला दिला. तो आणि त्याची बायको मागच्या खोलीत राहायला आली. घरात माणसांचा वावर सुरू झाला, हाकेला ओ द्यायला कुणीतरी झालं, तेव्हा मुलगाही गप्प बसला. फोर्न चालू तोवर माय आपल्या घरात, आणि फोर्न थंडावला की आश्रमात. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रकवाल्यालाही होतं.

आता आमच्या लोकांचं आणि पावाचं नातं सांगतो. माझ्या वडिलांच्या लहानपणी पाव आमच्या स्वयंपाकघरात शिरत नसे. तो सूर म्हणजे माडी घालून आंबवलेला, त्यातून किरिस्तांवाच्या हातचा. आजारपणात डॉक्टरने खायला सांगितला तर पडवीत बसून चहात बुडवून खायचा, आणि ती बशी वेगळी ठेवायची. तिकडे जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक मुलाने ऐकलेली. मग कधीतरी जिभेने सोवळ्यावर मात केली. आज सकाळी उंडो, म्हणजे गोल कडक पाव, मिळाला नाही तर आमच्या घरातला दिवस सुरू होत नाही. ज्या पावाने आमचे पणजे बाटत होते, तोच पाव आता मुसलमानाने बाटवला म्हणून पणतवंडं हवालदिल झाली होती. एवढा निर्लज्जपणा करतानाही कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती.

दुकानदार त्यातल्या त्यात व्यवहारी. त्याची भाजी पावाशिवाय खपणार नव्हती.

"पोदेर जिवो आसताना पिठार खुरीस मारी," तो म्हणाला. "हो मारता काय? मारता जाल्यार पाव आदलोच. मागीर खाव्या."

ही पोदेरांची जुनी रीत. पीठ मळून झालं की पहिल्या गोळ्यावर सुरीने खुरीस, म्हणजे क्रूस, कापायचा, मग ते झाकून फुगायला ठेवायचं. लहानपणी आम्ही पाव आणायला जायचो तेव्हा खिडकीतून ते बघायचो.

"तो कसो मारतलो?" ट्रकवाला म्हणाला. "तेंचो देव वेगळो."

"वेगळो कसो? दोगांयचो एकच, अशें म्हणटात," दुकानदार म्हणाला.

आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी शिकल्ले. किरिस्तांवाचो आनी मुसलमानाचो देव एकच, काय वेगळो?"

एवढा मोठा प्रश्न. त्यावर माणसांनी जन्म घालवले. पण आमच्या दुकानात तो देवासाठी विचारला जात नव्हता, न्याहारीसाठी विचारला जात होता. आणि विचारणारे कोण? दर वर्षी म्हापशाच्या चर्चमधल्या सायबिणीला, म्हणजे मेरीला, तेल घेऊन जाणारे. हाच ट्रकवाला, मुलीचा ताप उतरेना तेव्हा दर्ग्यात जाऊन तिच्या दंडाला दोरा बांधून आला होता. तेव्हा कुठल्या देवाचं कुणाशी काय नातं, हे त्याने विचारलं नव्हतं. हे सगळं मला त्यांच्या तोंडावर म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "बघून येतो."

कारण मला बरं वाटलं होतं. निवृत्त मास्तराला कुणी काही विचारत नाही. घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा विचारून माझ्या हातात देत नाहीत. इथे चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

दुपारी तीनला मी फोर्नवर गेलो. संध्याकाळच्या पावाची तयारी चालली होती. बेळगावचा पोदेर कोपरापर्यंत हात धुऊन, डोक्याला फडकं बांधून पीठ मळत होता. त्याची बायको पाट्यांवर कोंडा पसरत होती. मळून झालं तशी त्याने हाक दिली, "माय." आतून काठी टेकत माय आली. त्याने सुरी पुसून तिच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरला. तिने गोळ्यावर उभी-आडवी रेघ कापली, ओठांत काही पुटपुटली. मग तो पुढे झाला, बिस्मिल्ला म्हणाला आणि पिठावर ओलं फडकं पसरलं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

"खुरीस तू का मारत नाहीस?" मी त्याला विचारलं.

"माय मारते की."

"पण तू का नाही?"

त्याने हाताचं पीठ झाडलं. "मी मारला तर खोटं होणार, मास्तर. ते ईसाला देवाचा मुलगा म्हणतात. आम्ही नबी म्हणतो. मरियमला मानतो. पण मुलगा नाही म्हणत. मनात नाही ते हाताने कसं काढू?"

"म्हणजे देव वेगळा?"

"देव एकच की. दुसरा कुठनं आणायचा? त्याच्याबद्दलचं बोलणं वेगळं."

मी मायकडे वळलो. तुला काय वाटतं, विचारलं. ती स्टुलावर बसून गुडघा चोळत होती.

"तें पाद्रीक विचार," ती म्हणाली. "पयल्याच दिसा ताणें म्हाका सांगलें, माय, हें म्हज्यान जावचें ना. हांवें म्हळें, बरें, खुरीस हांव मारतां, तूं तुजें म्हण. जालें."

निघताना तिने सकाळचे उरलेले दोन उंडे कागदात बांधून माझ्या हातात दिले आणि मनगट धरून ठेवलं. "मास्तर, लोक कितें तरी उलयतात अशें आयकलां. तुमी सांगात तांकां. तुमचें आयकतले."

सांगतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात सगळे माझी वाट बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं, पिठावर खुरीस मारतात. ते खरं होतं. माझ्या डोळ्यांसमोर मारलेला होता. तीन शब्द, आणि दुकानदाराने टोपली भरून पाव घेतले असते. पण मी चहा मागवला आणि सुरुवात केली इब्राहिमपासून. दोघांचाही मूळपुरुष तो, दोघेही मानतात तो एकच निर्माता. अरबी बोलणारे ख्रिस्तीसुद्धा देवाला अल्लाच म्हणतात, हे सांगितल्यावर एकदोघांच्या भुवया वर गेल्या, तसा मी आणखी फुललो. मग माझा 'पण' आला. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावताना सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून मी मेजावर तीन वर्तुळं काढली. मुसलमानाला हे तीन का मान्य नाहीत ते सांगितलं. दोन्ही बाजूंचे विद्वान काय म्हणतील तेही सांगितलं. आणि शेवटी, जणू फार मोठं रत्न काढून दाखवतो आहे अशा थाटात, तो पोदेर किती सच्चा आहे ते सांगितलं. खोटं होईल म्हणून तो स्वतःच्या हाताने खुरीस मारत नाही, माय मारते.

माझी कल्पना, हे ऐकून त्यांना त्याच्याबद्दल आदर वाटेल.

"म्हणजे तो मारिना," ट्रकवाला म्हणाला.

"मारिना," दुकानदार म्हणाला.

"अरे, पण खुरीस असतो पिठावर," मी म्हणालो. "माय मारते म्हटलं ना."

कुणी ऐकत नव्हतं. माझ्या एवढ्या मोठ्या व्याख्यानातलं त्यांनी नेमकं एक वाक्य उचललं होतं. ट्रकवाला पायरीवर जाऊन पिचकारी मारून आला. दुकानदाराने फडक्याने माझी तीन वर्तुळं पुसली आणि त्याच फडक्याने बश्या पुसायला घेतल्या.

त्या आठवड्यात दुकानाने पाव बंद केला. मग एकेक घर सुटलं. पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत यायचा, फाटकाशी थांबायचा. एके दिवशी आमच्या फाटकाशीही थांबला आणि घरातून कुणी बाहेर गेलं नाही.

"आज पाव घेतला नाहीस?" मी बायकोला विचारलं.

"शेजारी कुणी घेत नाहीत. आपणच एकटे कशाला?"

मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो. ट्रकवाल्याची किळस करणारा मी, पेपराच्या आड बसून तो भोंगा पुढे जाईपर्यंत थांबलो. नंतर रोज थांबायला लागलो. काही दिवसांनी तो आमच्याकडे वाजायचाच बंद झाला आणि मला हायसं वाटलं. या हायसं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त घाण वाटते.

चतुर्थीच्या आधी पोदेर बायकोला घेऊन निघून गेला. आता म्हापशाहून टेम्पो येतो, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेला पाव घेऊन. तो कोण मळतो, कोण भाजतो, त्यावर कुणी काय कापतो, कुणी विचारत नाही. तिथले कामगारही बेळगावकडचेच आहेत, हे टेम्पोवाल्याने एकदा दुकानात उभं राहून सांगितलं. ट्रकवाल्याने आणखी एक पाव मागितला आणि भाजीत बुडवून खाल्ला. देवाविषयीचा तो प्रश्न तर कुणाला आठवतही नव्हता.

मायचा मुलगा तिला न्यायला आला त्या दिवशी मी गेलो. न जाण्याची सबब शोधली होती, सापडली नाही. घराच्या खिडक्या बंद केलेल्या. फोर्नच्या तोंडाशी राख तशीच होती. ती बाहेर ओट्यावर बसली होती, चांगला फ्रॉक घालून, मांडीवर सायबिणीची तसबीर आणि एक पिशवी. पिशवीतून ती सुरी दिसत होती. मुलगा गाडीत सामान ठेवत होता.

"मास्तर," तिने विचारलं, "त्या दिसा तुमी थंय कितें सांगलें?"

"पिठार खुरीस मारतात म्हणून सांगलें, माय."

"तितलेंच?"

"तितलेंच."

जे वाक्य दुकानात बोलायला हवं होतं, ते मी असं ओट्यावर बोललो, फोर्न विझल्यावर. तिने माझ्याकडे निरखून बघितलं. मला वाटलं तिला कळलं. पण तिने माझं मनगट धरलं, त्या दुपारी धरलं होतं तसंच.

"मागीर लोकांक नाका जाल्यार तुमी कितें करतले," ती म्हणाली. "तुमी सांगलें न्हय, पुरो. देव बरें करूं, मास्तर."

आणि मुलाचा हात धरून ती गाडीत बसली.