टोपीतला चिंचोका

या गौरवग्रंथात सर्वजण गुरुजींचे उपकार सांगणार. तेव्हा निदान एक तक्रार नोंदवणे मला भाग आहे. श्री. वामनराव कळमकर गुरुजींची आणि माझी पहिली भेट हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनावर झाली, आणि त्या भेटीतच त्यांनी माझी उशी जप्त केली. आईने नवा अभ्रा घातलेली सावरीची उशी! "डोकं टेकायला डोंगरावर धोंडे पुष्कळ आहेत," असे म्हणून ती त्यांनी मला पोचवायला आलेल्या मामांच्या काखेत दिली. त्या सहलीत अवघडलेली माझी मान अजून डावीकडे पुरती वळत नाही.

नारायणगुड्याच्या शाळेत गुरुजी भूमिती शिकवत. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे उर्दूतून. सुट्टी लागली की आम्हा सातजणांना घेऊन सह्याद्रीचे कडे गाठत. अवघड टप्प्यापाशी त्यांचा एक विधी ठरलेला असे. प्रत्येकाला एक फुटाणा आणि एक चिंचोका द्यायचा. चढायचे असेल त्याने फुटाणा, नसेल त्याने चिंचोका, दस्तीने, म्हणजे हातरुमालाने, झाकलेल्या टोपीत टाकायचा. एक जरी चिंचोका निघाला तरी सर्वांनी परत फिरायचे. कोणाचा, हे विचारायचे नाही. परवाच्या निवडणुकीत लोकांनी रांगा लावून आयुष्यातले पहिले मत दिले. मी माझे पहिले मत निजामी अमलातच गुरुजींच्या टोपीत दिले होते!

हैदराबाद भारतात आले त्या हिवाळ्यातली गोष्ट. अंगात नुसते वारे भरले होते! आम्हा सातांतल्याच गौलीगुड्याच्या वकील दिगंबररावांनी सुळक्यावर लावायला घरून तिरंगा आणला होता. शेवटच्या उभ्या कातळाखाली टोपी फिरली. मागे दरी अशी, की टाकलेल्या दगडाचा आवाज येत नव्हता. गुरुजींनी दस्ती उचलली. सात फुटाणे, एक चिंचोका.

"अरे, हौला कोण आहे तो? सामने तरी ये!" दिगंबरराव कडाडले. "रझाकारांना भ्यालो नाही, आणि आता दगडाला भ्यायचं?"

तेवढ्यात त्याच कातळावरून पाठीला मोळी बांधलेली एक म्हातारी अनवाणी उतरली. "वाट चुकलात का रं लेकरांनो?" असे विचारून चालूही लागली.

"बघा गुरुजी! बुढ्ढी उतरते आणि आम्ही नक्को?"

"तिचे पाय तिला हो म्हणाले," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आपल्यातले दोन पाय नाही म्हणालेत."

"कोणाचे?"

"माझे. चला."

टोपीतले फुटाणे तोंडात टाकून ते उतरू लागले.

पुढे वर्षभर आबिड्सच्या हॉटेलात चहा आला की दिगंबरराव विचारत, "गुरुजी, चारमिनार चढायचा तर किती फुटाणे आणू?" सर्वांत मोठ्याने मी हसत असे. मी तर एका दिवाळी अंकात त्यावर लेखही लिहिला. गुरुजींनी तो वाचला आणि म्हणाले, "शुद्धलेखन सुधारलंय तुझं."

दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा तोच कातळ. आठ फुटाणे! दोर बांधताना गुरुजींनी मला अगदी आपल्या मागे घेतले आणि हळूच विचारले, "आज पाय काय म्हणतात?" मी ऐकलेच नाही असे दाखवले. पण काय सांगू, अर्ध्या तासात आम्ही माथ्यावर! तिरंगा असा फडफडला की दिगंबररावांनी मला मिठीच मारली, आणि आम्ही दोघे कडेला झुकलो. "अरे, झेंड्याला धरा, एकमेकांना नको!" गुरुजी ओरडले.

स्वतःचा जीव धोक्यात घालणारे बहाद्दर मी पुष्कळ पाहिले. दुसऱ्याचा घालणारे त्याहून जास्त. गुरुजींनी दुसऱ्याचा जीव कधी पणाला लावला नाही. स्वतःचे नाव मात्र बेधडक लावले.

गुरुजींना साठ वर्षे पूर्ण झाली. त्यांचे गुडघे असेच खणखणीत राहोत, आणि आम्हाला धापा टाकायला लावणारी त्यांची चाल आणखी पुष्कळ वर्षे आमच्या पुढे राहो.

आणि गुरुजी, तुम्हाला एक उत्तर द्यायचे राहिले आहे. त्या पहिल्या हिवाळ्यात नाही म्हणालेले ते दोन पाय माझे होते. चिंचोका मी टाकला होता. आबिड्सच्या मंडळींनी, विशेषतः दिगंबररावांनी, यापुढे काय हसायचे ते मला हसावे.