क्रूसाच्या वळणावरचा हात

आमच्या गावात भुताचं काम करावं तर मीच. नाताळच्या आठवड्यात नाटक होतं आणि त्यात एखादा मेलेला माणूस असला की कोणी विचारायलाही येत नाही, थेट चादर घरी पाठवतात. पिठाने माखलेलं तोंड, डोळ्यांखाली काजळ, आणि पहिल्या रांगेतल्या जाडजूड काकांच्या मांडीवर जाऊन बसायची उघड परवानगी. माणसाला आणखी काय हवं?

या कीर्तीमुळेच फादरनी मला गाठलं असावं. म्हणाले, "पोरं गाड्या कशा हाणतात, बघता ना? धर्मशिक्षणाच्या वर्गात एक रविवार तुम्ही बोला. माझं ऐकतात, पण ऐकल्यासारखं करतात. तुम्ही जरा घाबरवा."

घाबरवा! असं कोणी आपणहून सांगावं, याची मी पन्नाशी ओलांडेपर्यंत वाट पाहिली होती.

मिस्सा संपल्यावर चर्चमागच्या हॉलमध्ये दहावी-बारावीची पोरंपोरी जमली. प्लास्टिकच्या खुर्च्या मी उलट्या फिरवायला लावल्या. पाठ म्हणजे हँडल. "बसा. स्टँड काढा. हेल्मेट?"

"अंकल, माझं आरशाला लटकवलंय," एक जण म्हणाला.

"छान. पडशील तेव्हा आरशाला काही होणार नाही."

हॉल खिदळला. मग मी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि त्यांना गावातून फिरवायला निघालो. चर्चचं फाटक, बाजार, मासळीच्या टोपल्या, मधेच आडवी थांबलेली एसटी. सगळे झुकत होते, ब्रेक मारत होते, तोंडाने हॉर्न वाजवत होते.

"आता फोन वाजतोय," मी म्हणालो.

"अंकल, तिचा असेल तर उचलू?"

"उचल की. तिला सांग, आलोच, फक्त हा टँकर अंगावरून गेला की निघतो."

मग मी आवाज खाली आणला. ही माझी खास जागा. "बाजार मागे पडला. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या. रस्ता अरुंद. डाव्या हाताला बावखल, पाणी हिरवंगार, हलत नाही. पुढचं काही दिसत नाही. आणि आलं वळण. आपला क्रूस."

इथे मी एक पांढऱ्या साडीतली बाई उभी करणार होतो. ती प्रत्येकाच्या मागच्या सीटवर येऊन बसणार होती. पण तिची गरजच पडली नाही. मी 'क्रूस' म्हणालो आणि सगळ्या हॉलचे उजवे हात हँडलवरून सुटले. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, ओठ. माना खाली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी कोणाकडे बघत नव्हतं, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. वळण जिथे सुरू होतं आणि समोरचं दिसत नाही, नेमका तिथेच अ‍ॅक्सिलरेटरचा आणि ब्रेकचा हात हवेत.

माझाही हात वर गेलेला होता.

सगळ्यांचे हात खाली आले. एक मागे राहिला. शेवटच्या रांगेत माझी भाची बसली होती. तिने क्रूसाची खूण सावकाश पुरी केली आणि हात ओठांशी तसाच धरून ठेवला.

तिचे वडील, म्हणजे माझा मेहुणा, त्याच वळणावर गेला. तीन वर्षं झाली. भर दुपार, कोरडा रस्ता, तो दुचाकीवर, समोरून पाण्याचा टँकर. ज्या रस्त्यावर तो सायकल शिकला तिथेच त्याला ब्रेक का मारता आला नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही. तिथे केळी विकायला बसणाऱ्या आजीने पाहिलं होतं. तिने माझ्या बहिणीचा हात हातात घेऊन सांगितलं, "बाय, पुन्यवान तुजा नवरा. क्रूसाला हात करता करता गेला."

त्या एका वाक्यावर माझी बहीण उभी राहिली. कोणी भेटायला आलं की ते वाक्य चहाबरोबर यायचं. आम्ही माना डोलवायचो. मीसुद्धा. त्या रविवारी हॉलमधले ते हात पाहिले आणि ते वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. आजीने आम्हाला कारण सांगितलं होतं. आम्ही ते सांत्वन म्हणून घरी आणलं होतं.

"अंकल, भूत कुठाय?"

"भूत आज सुट्टीवर आहे." मी कसाबसा म्हणालो, "वळणावर दोन्ही हात हँडलवर. नमस्कार करायचा तर थांबून करा."

"म्हणजे क्रूसासमोरून तसंच जायचं? फादरना सांगू?"

"सांग. मी पण येतो सांगायला."

हसले सगळे. भाची हसली नाही.

त्याच दिवशी चार वाजता बहिणीने मला बोलावून घेतलं. भाचीला पक्कं लायसन्स मिळालं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला स्कूटर घेऊन कॉलेजला जायचं होतं. आतापर्यंत शिकवायला माझी बायको मागे बसायची. एकटीला सोडायला बहिणीचा जीव होत नव्हता. "दादा, आज तू मागे बस," ती म्हणाली. "तू हो म्हणालास तर चावी तिची. नाही म्हणालास तर रिक्षाने जाईल."

आम्ही निघालो. "मामा, पोट आत घे ना, मला हँडल वळवता येत नाही," भाची म्हणाली. मी पोट आत घेतलं. पोरगी चालवत छान होती. गतिरोधकावर हळू, वळताना इंडिकेटर, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न. मी मनात 'हो' म्हणून मोकळाही झालो होतो.

केळीच्या वाड्या सुरू झाल्या. उन्हातून एकदम सावलीत आलो. तिने वेग कमी केला. मग तिची मान डावीकडे किंचित कलली. ती मान मेहुण्याची होती. तो गाडी चालवताना अशीच मान कलती धरायचा. मी त्याच्या मागे बसून किती वेळा बाजाराला गेलो होतो! हेल्मेटच्या आत कोण आहे हे त्या क्षणी मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

हात सुटला. कपाळ. छाती. स्कूटर हळूच रस्त्याच्या मध्यावर ओढली जायला लागली. समोरून रिक्षा आली. नाटकात माझा आवाज मंडपाच्या बाहेर जातो. तेव्हा मी नुसता मागचा दांडा धरून बसलो. तिने हात खाली आणला, स्कूटर सावरली, रिक्षावाला आम्हा दोघांच्या सात पिढ्या काढत निघून गेला.

"थांबव," मी म्हणालो.

तिने पुढे जाऊन गाडी कडेला लावली आणि हेल्मेट काढलं. हेल्मेटमधून भाचीच बाहेर आली.

"वर्गात मी काय सांगत होतो?"

"ऐकलं मी." ती रस्त्याकडे बघत होती. "मामा, पप्पांचा हात तेव्हा वर होता ना?"

मी मागच्या सीटवरून खाली उतरलो.

"मी त्या आजीला विचारलेलं. आईला नाही माहीत. मामी मागे बसते तेव्हा ती पण क्रूसाला हात करते, त्यामुळे तिला काय कळत नाही. मी दर वेळी बघते."

"काय बघतेस?"

"किती वेळ लागतो. आणि तेवढ्यात काय दिसतं."

केळीची पानं वाऱ्याने एकमेकांवर घासत होती. वाडीतून कोणी चालत यावं तसा आवाज. एरवी या आवाजाचं मी काय काय केलं असतं! त्या दिवशी वळून बघायचीही माझी छाती नव्हती.

"आणि काय दिसतं?"

"काहीच नाही. मान खाली असते ना. नुसता स्पीडचा काटा दिसतो." तिने नाक पुसलं. "त्यांना टँकर दिसलाच नसणार, मामा. घाबरले नसतील."

"नसेल घाबरला."

"हां."

"कळलं ना तुला? मग आता पुन्हा बघायचं नाही. त्याला भेटायचं तर गाडी लाव आणि चालत जा. गाडीवरून भेटायला गेलीस तर तो तिथेच तुला शिव्या घालेल. माझ्यापेक्षा वाईट देतो तो शिव्या, तुला माहीत नाही."

ती हसली आणि मग रडली. आम्ही चालत क्रूसापर्यंत गेलो. ती बराच वेळ उभी राहिली. मी रस्त्याकडे तोंड करून राखण केली.

घरी बहीण दारातच होती. "क्रूसाला हात केला ना गं? पप्पांसारखा?" तिने कौतुकाने विचारलं.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. अभिनय करायचा तर हीच वेळ होती. मी म्हणालो, "केला. आणि रिक्षा अंगावर येत होती."

बहीण पायरीवर बसली. "म्हणजे टँकर..." एवढंच म्हणाली. मी होकारार्थी मान हलवली. भाची तिच्या शेजारी बसली आणि वळणावर मला सांगितलं तेच हळू आवाजात आईला सांगायला लागली. मी विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. मागून कोणी मोठ्याने रडेल म्हणून वाट पाहिली. कोणी रडलं नाही.

सकाळी भाची एकटी निघाली. बहीण तिच्या आधी निघून वळणावर जाऊन उभी होती, मला बरोबर घेऊन. स्कूटर आली. दोन्ही हात हँडलवर, नजर पुढे. पोरीने आईकडेही पाहिलं नाही, नुसता हॉर्न दिला आणि वळणाआड गेली. बहिणीने तिच्या वाटची खूण केली. तिचा हात कपाळाशीच थोडा अडला, मग पुढे गेला.

एक टँकर गेला. मागून एसटी गेली. बहीण हलेना.

"दादा," ती म्हणाली, "पोचली असेल ना आता?"