थोरल्याची बाजू

निवृत्त सुभेदार आकाराम सांगलीच्या लॉ कॉलेजच्या वर्गात पहिल्यांदा शिरले, तेव्हा आधी त्यांची मिशी आत आली आणि बऱ्याच वेळाने सुभेदार आले. वर्ग ताडकन उभा राहिला. मागच्या बाकावर घोरणारा एकजण तर झोपेतच उभा राहिला. शिकवणारे सर खडू खिशात घालून, "या सर, मी निघतोच," म्हणत दारापर्यंत गेले. सुभेदारांनी सवयीने सगळ्यांना "बसा" म्हटलं आणि स्वतः मुबश्शिरा नावाच्या मुलीच्या मागच्या बाकावर बसले.

"तपासणीला आलाय का?" तिने वळून विचारलं.

"न्हाई बाय. ॲडमिशन घेतलीया."

मिरजेच्या घड्याळजीची ही लेक त्यांना काका म्हणू लागली आणि सुभेदार तिला मॅडम.

कारण साधं होतं. शिराळ्याकडच्या गावी दोघा भावांची सामाईक विहीर. सुभेदारांनी पेन्शनीत आल्या आल्या, कुणाला न विचारता, तिच्यावर आपली मोटर बसवली. थोरले हंबीरराव भांडायला आले नाहीत. त्यांनी थेट दावाच लावला. फौजेत माणूस कशाचाही कोर्स करून येतो. सुभेदारांनी भावाशी भांडायचा कोर्स धरला. नोकरीत बाहेरून बी.ए. केलेलं होतंच.

"स्वतःची केस चालवायला डिग्री लागत नाही, काका."

"शिकल्याबिगर हत्यार हातात घेत न्हाई आमी."

शेवटच्या वर्षी साताऱ्यात मूट कोर्ट होतं, म्हणजे पोरांची लुटूपुटूची कोर्टबाजी. खटला निघाला दोन भाऊ आणि एका विहिरीचा. चिठ्ठ्या टाकल्या, तर सुभेदार आणि मुबश्शिराच्या जोडीच्या वाट्याला थोरल्याची बाजू.

"ह्ये मला जमायचं न्हाई."

"वकिलाला बाजू पडेल ती मांडावी लागते," मुबश्शिरा म्हणाली. "थोरल्याने काय काय केलं असेल, ते बोला. मी लिहिते."

कँटीनमधला चहा समोर निवत होता. सुभेदार बोलू लागले. "हीर त्यानं खांदली. धाकला तवा काश्मीरला. धाकल्याचं रान बी त्यानंच भिजवलं. आईचं दुखणं त्यानंच काढलं. धाकल्याला भरतीला सोडायला कोल्हापूरला त्योच आल्ता, आन् सोताची चप्पल धाकल्याच्या पायात…"

"हे केसमध्ये नाहीये, काका."

"व्हय," सुभेदार म्हणाले. "केसमधी न्हाईच."

साताऱ्यात ते उत्तम बोलले. शेवटी मात्र अडकले आणि म्हणाले, "साहेब, थोरल्याचंच खरं हाय."

"तुम्ही थोरल्याचेच वकील आहात," न्यायाधीश झालेले गृहस्थ म्हणाले.

"आज झालो, साहेब."

परतताना पोरं सांगलीला गेली आणि सुभेदार पेठनाक्यावर उतरून शिराळ्याच्या वडापच्या जीपमध्ये बसले. मोटर काढून टाकतो, एवढंच दादाला सांगायचं होतं. अंगातला काळा कोट त्यांनी मुद्दामच ठेवला. आपण हाताला धरून वाढवलेला पोरगा कोटात कसा दिसतो, ते दादानं बघावं, एवढीच हौस.

हंबीरराव अंगणात तंबाखू मळत होते. गल्लीतून काळा कोट येताना दिसला आणि त्यांनी ओळखलं, की पाणी तोडायचा हुकूम आला. ते आत गेले. कडी वाजली.

"दादा, म्या हाय."

"जे काय हाय ते कोर्टात बोल," आतून आवाज आला.

सुभेदार अंगणात उभे राहिले. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "आवं सुभेदार, कुनावर जप्ती आनलीसा?" ते आल्या वाटेने परत फिरले.

परीक्षा झाली की साध्या सदऱ्यात जायचं, असं त्यांनी ठरवलं. परीक्षा चालू असतानाच हंबीरराव उसाच्या सरीत कोसळले आणि गेले. सुभेदार पोचले तेव्हा चिता पेटली होती. लोक बाजूला सरले. सुभेदारांनी मात्र लांबूनच हात जोडले.

तेराव्यानंतर पुतण्याला, वीरधवलला, ते म्हणाले, "मोटर काढतो. समदं पानी तुजं. दावा मिटवूया."

वीरधवलने थोडा विचार केला. "काका, तुमी वकिली शिकलाय. ह्यात काय डाव हाय, त्ये आधी माज्या वकिलाला इचारतो."

वकील म्हणाले, सही करू नका.

सुभेदार द्वितीय श्रेणीत पास झाले. विहिरीच्या दाव्यात हंबीररावांच्या जागी वीरधवलचं नाव लागलं आहे, आणि दावा चालू आहे.