चोपन्न किलो

माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, काट्यावर ठेवायचा, एवढंच काटेकाकांचं तत्त्वज्ञान. डोंगरातल्या त्या छोट्या विमान कंपनीत सव्वीस वर्षं त्यांनी वजनं केली, सामानाची आणि माणसांचीही. मोठ्या विमानतळावर फक्त बॅगा तोलतात. इथे प्रवाशालाच काट्यावर उभं करायचे, कारण विमान अठरा जणांचं, हेलिकॉप्टर पाच जणांचं, आणि वरच्या गावांत हवा इतकी विरळ की खाली सहज उचललेलं ओझं तिथे यंत्राला उचलतच नाही. एकाने थाप मारायची आणि सगळ्यांनी निस्तरायची, असा तो मामला होता.

आणि लोक थापा मारायचेच. सामानाचं वजन वाचवायला चार स्वेटर नि दोन कोट अंगावर चढवून यायचे. खिशात खिळे, बॅटऱ्या, कुलुपं. एका पठ्ठ्याने तर शिलाई मशीनचं चाक पोटाला बांधून आणलं होतं. काका त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "पोटाला गोल आकार बरा आलाय हो तुमच्या. काढा तो बाहेर." बायका वजन सांगताना वयासारखीच काटछाट करायच्या. काकांच्या नजरेतून एक किलो सुटत नसे. लग्नात नवरदेवाकडे बघून ते "एकोणसत्तर" असं पुटपुटायचे आणि बायको त्यांना कोपराने ढोसायची.

स्वस्थ बसणं मात्र त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. अकरा वाजले की वर वारा सुटे, दुपारपर्यंत दरी ढगांनी भरे आणि उड्डाणं बंद होत. त्यामुळे सकाळभर काउंटरपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून काट्यापर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालत. चहासुद्धा चालता चालताच पीत.

वरच्या गावांत काटा नव्हता. तिथून येणारा माणूस तोंडाने वजन सांगे आणि काका त्यात मुकाट्याने दहा किलो वाढवत. वैमानिकांनी त्याला नावच पाडलं होतं, 'काकांचे दहा'. त्यातून सुटका कुणाचीच नव्हती. एकदा कंपनीचे मोठे साहेब वर अडकले, तर काकांनी त्यांनाही दहा लावले आणि साहेबांची बॅग आठवडाभर वरच राहिली. साहेब फणफणले. काकांनी कानाडोळा केला.

काकांची मुलगी सगळ्यात वरच्या गावात शाळेत गणित शिकवायची. जावईही त्याच शाळेत. तिला आठवा महिना चालू होता. त्या दिवशी सकाळी आठला तिथल्या नर्सबाईंचा फोन आला. रक्तदाब वाढलाय, अंगावर सूज आहे, आजच खाली हलवा, उद्याचं मी सांगू शकत नाही. हेलिकॉप्टर नऊला औषधं घेऊन तिकडेच निघणार होतं. चालवणाऱ्या कॅप्टनबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "आणते तिला. पण वरून मला माणसांचे एकशे तीस किलो उचलता येतील, त्यावर एकही नाही. इंधन आधीच कमीत कमी घेतलंय."

मग फोनवर मुलगी आली. "बाबा, यांनाही बरोबर येऊ द्या ना. मला एकटीला भीती वाटतेय."

ही पोर लहानपणी हात मोडला तेव्हाही रडली नव्हती. तिच्या तोंडून भीती हा शब्द काकांनी पहिल्यांदाच ऐकला.

जावई बहात्तर किलो. मागच्या महिन्यात खाली आले तेव्हा काट्यावर चढले होते, त्यात शंका नव्हती. उरले अठ्ठावन्न. मुलगी पाच महिन्यांपूर्वी याच काट्यावर उभी राहिली होती, तेव्हा भरली चोपन्न. त्यात दहा धरले तर चौसष्ट, आणि जावई वरच राहणार. काका हातात पेन घेऊन उभे राहिले. मग त्यांच्या मनाने पळवाट काढली. दहा वाढवायचे ते तोंडी सांगितलेल्या वजनात. हा तर काट्याचा आकडा आहे. त्यांनी चोपन्न लिहिले, खाली बेरीज केली, एकशे सव्वीस.

कॅप्टनबाईंनी कागदावर नजर टाकली. "मुलीचा आकडा काट्याचा आहे?"

"काट्याचाच."

त्यांनी सही केली. काका काट्याचा म्हणाले की पुढे कुणी विचारत नसे. सव्वीस वर्षांत माणसाने कमावलं होतं ते एवढंच. पाच मिनिटांत हेलिकॉप्टर उडालं.

जगाला पकडणारा हा माणूस, पण स्वतःला पकडायला त्याला वीस मिनिटं लागली. आधी त्यांनी काटा पुसला. मग काउंटर पुसलं. मग उगाचच एका प्रवाशाला दोनदा तोललं. पायाला भिंगरी लागल्यासारखे ते शेवटी रेडिओच्या खोलीत शिरले आणि तिथेही फेऱ्या मारायला लागले. रेडिओवर बसणारी ताई वैतागली. "काका, बसा ना जरा. मला गरगरायला लागलंय."

तेवढ्यात वरून पुन्हा नर्सबाईंचा फोन आला. "आम्ही मैदानावर पोहोचलो हो काका. तिच्या पायात चपला काही मावेनात, नवऱ्याचे बूट घालून आलीय बिचारी." आणि फोन तुटला. काकांनी तीनदा लावून बघितला, लागेना.

नवऱ्याचे बूट. पाच महिने, पोटातलं बाळ, अंगात साठलेलं पाणी. दुसऱ्या कुणाची लेक असती तर त्यांनी एवढं ऐकून डोळे मिटून पंधरा-वीस किलो चढवले असते. आणि हे त्यांना लिहिताना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

"हेलिकॉप्टर कुठे आहे?"

"कड्याजवळ. चार-पाच मिनिटांत पलीकडे जाईल, मग आवाज मिळणार नाही."

काकांनी तिच्या हातातून माइक जवळजवळ ओढूनच घेतला. डोंगरातली सगळी रेडिओ ठाणी आणि सगळे वैमानिक हेच ऐकत असतात, हे त्यांना माहीत होतं. "कॅप्टनबाई, मी काटेकाका बोलतोय. मुलीचा आकडा पाच महिन्यांपूर्वीचा आहे. मला माहीत होतं, तरी लिहिला. अडुसष्ट धरा."

खरखरीतून कॅप्टनबाईंचा आवाज आला.

"म्हणजे जावई वरच थांबणार."

"थांबू देत."

"ठीक आहे. आपण नंतर बोलू."

हे 'नंतर बोलू' काकांना कानाखाली बसल्यासारखं लागलं. रेडिओताई मान खाली घालून कागद लावत बसली.

मुलगी एकटीच उतरली. तोंड सुजलेलं, पायात ते ढगळ बूट. रुग्णवाहिकेत तिने बापाकडे बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या वाटेवर खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "दारात पाय ठेवला होता यांनी. तुम्ही रेडिओवरून खाली उतरवलंत म्हणे."

"हो."

"मी एकच गोष्ट मागितली होती, बाबा."

काकांनी तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

दवाखान्यात तिला आधी काट्यावर उभं केलं. बूट काढून. परिचारिका म्हणाली, "एकाहत्तर." काकांनी वाकून आकडा स्वतः बघितला. कबुली देतानासुद्धा बापाच्या जिभेने तीन किलो गाळले होते. ते तसेच वाकून राहिले, तेव्हा पहिल्यांदा मुलीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा, कॅप्टनबाई वर सांगत होत्या, एकशे तीसच उचलता येतात. तुम्ही माझे आधी किती लिहिले होते?"

"चोपन्न."

गणिताच्या बाईंना बेरजेला कितीसा वेळ लागतो? "एकाहत्तर आणि बहात्तर," ती म्हणाली. "तेरा जास्त." तिचा हात पोटावर गेला. "घाईत चूक झाली का तुमची?"

"चूक नाही गं. जाणूनबुजून लिहिले. तू घाबरली होतीस म्हणून." काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

तिला खुर्चीत बसवून आत न्यायला लागले. दारापाशी तिने खुर्ची थांबवली. वळून बापाकडे बघितलं. रागाने की कशाने, काकांना अंदाज येईना.

"यांना मी सांगेन, माझ्या पद्धतीने," ती म्हणाली. "आईला मात्र यातलं कधीच काही कळू देऊ नका."