एक शब्द पुसायचा

"आता ही कवितांची शिकवणी बंदच म्हणायची की!" बाहेरच्या खोलीत कुणीतरी म्हणालं. "ती इंग्रजी शाळेतली पोरगी असती न्हवं मदतीला?" "ती? तिच्या तोंडातनं शब्द फुटंना, ती काय शिकवती!" गंगाक्कांना जाऊन तीन दिवस झाले होते. समाचाराला आलेल्यांसाठी मी आत चहा गाळत होते. राग आला नाही... त्या बायका खोटं काहीच बोलत नव्हत्या.

गंगाक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका. माहेर सीमेवरचं, त्यामुळे लहान मुलांना त्या कानडीतलं 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा-बारा मुलं कविता करायला जमत. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी चौथीत होते. इंग्रजी शाळेमुळे मराठी कच्चं म्हणून आईने मला तिथे नेऊन बसवलं. मी घरून यमक जुळवून इंद्रधनुष्य लिहून नेलं होतं. गंगाक्कांनी विचारलं, "कुठं बघितलंस?" मी म्हटलं, "पुस्तकात." "मग ते पुस्तकाचं झालं. तुझ्या घरात काय हाय?" मला बोलता येईना, तेव्हा त्यांनी खडू पुढे केला. मी फळ्यावर लिहिलं, 'मिक्सर लागला की बाबा ओरडून बोलतात, आई नुसती मान हलवते.' त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "आता एक शब्द पूस." तो त्यांचा नियमच होता. वहीत उतरवण्याआधी ज्याची कविता त्याने स्वतःच्या हाताने एक शब्द पुसायचा. कुठला, ते त्या कधीही सांगत नसत. मुलं कासावीस होत, फळ्यासमोर पाच-पाच मिनिटं उभी राहत. मी 'नुसती' पुसलं. गंगाक्का फळ्याकडे बघत राहिल्या. "व्हय," एवढंच म्हणाल्या. कुणी माझं लिहिलेलं इतकं निरखून वाचल्याचं मला आठवत नव्हतं.

एकदा गवळ्याचा सागर 'परी' घेऊन आला. "तम्मा, परी कधी आल्ती तुमच्यात?" "न्हाय." "मग कोण हाय तुमच्यात?" "म्हस." "आण की मग तिलाच!" सागरने सांगितलं, 'म्हस माझ्याकडं बघती, मी म्हशीकडं बघतो, दोघांनाबी भूक लागल्या, आई अजून आली न्हाय.' पोरं हसली, पण गंगाक्का हसल्या नाहीत. त्यांनी सागरच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला आतून भाकरी आणून दिली.

कॉलेजात गेल्यावरही मी रविवारी जातच राहिले. मुलं सांगत, गंगाक्का विचारत आणि मी फळ्यावर लिहीत असे. फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागच्यांना आपण दिसत नाही, हे मला फार सोयीचं होतं. शेवटच्या काही महिन्यांत त्यांचा आवाज बसला. "आज तू घे की," त्या म्हणत. मी नकार देई आणि त्या घोगऱ्या आवाजात स्वतःच सुरू करत. त्यांनी आग्रह केला असता तर बरं झालं असतं, असं या काही आठवड्यांत अनेकदा वाटून गेलं.

तीन रविवार खोली बंद होती. चौथ्या रविवारी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला, "पोरं दारात येऊन बसल्यात गं. परत पाठवू का?" मी गेले. सगळी आपापल्या जागेवर बसली होती. मग सात वर्षांची आरती उठली आणि म्हणाली, "गंगाक्का आभाळात गेल्या, चांदणी होऊन चमकू लागल्या." दारातल्या तिच्या आईने डोळ्याला पदर लावला, "किती ग्वाड म्हणाली बघा!" मुलं माझ्याकडे बघत होती. खडू माझ्या हातात होता. ही ओळ मुकाट्याने लिहून टाकणं सोपं होतं. पण ती लिहिली असती, तर गंगाक्का या खोलीतून खरंच गेल्या असत्या... मी फळ्याकडे पाठ केली. आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही, दुसऱ्यांदा जरा मोठाच निघाला.

"आभाळातलं आपल्याला माहीत नाही, आरती. या खोलीतल्या गंगाक्का कशा होत्या, ते सांग."