माझा कॅप्स लॉक

मला दिसत नाही, आणि त्याचं मी फारसं काही वाटूनही घेत नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या पतसंस्थेत सभासदांना जाणारी सगळी मराठी पत्रं मीच टाइप करायचे. स्क्रीनवर काय आहे ते कॉम्प्युटर माझ्या कानात वाचून दाखवायचा. कॅप्स लॉक धरून बाणाचं बटण दाबलं की ओळ ऐकू यायची. झालं, दुसरं काही लागत नव्हतं मला.

मग ऑफिसात नवी सिस्टीम आली. बसवणाऱ्या माणसानं त्याच कॅप्स लॉकवर भाषा बदलायची सोय केली. एकदा दाबला की मराठी, परत दाबला की इंग्लिश. सगळे खूश! आणि मी ओळ ऐकायला तो दाबतेय, तर आवाज गप्प आणि भाषा उलटी. साहेब डोक्यावर उभे, "आटपा की ओ मॅडम!" शेवटी न ऐकताच सभेचं पत्र छापायला दिलं. अर्धं मराठी, अर्धी एबीसीडीची खिचडी. ते तसंच घरोघरी गेलं आणि बोलणी मी खाल्ली.

त्या माणसाला फोन लावला. म्हटलं, "पावणं, माझं बटण मला परत द्या."

तर म्हणतो कसा, "ताई, एकट्या तुमच्यासाठी सगळ्यांची सवय कशी मोडू? तुम्ही माऊस वापरा की!"

माऊस! अहो, त्याचा बाण कुठं फिरतोय ते मी काय कपाळानं बघू? डोकंच फिरलं माझं. "दुसरं बटण त्यांना द्या," मी ओरडले, "त्यांना डोळे हायत की!"

रोज फोन करून पिच्छा पुरवला, तेव्हा कुठं तो आला. माझ्या लॉगिनपुरती सेटिंग बदलली. चहा यायच्या आत काम झालं. ओळ कानात खणखणीत वाजली आणि मला आनंदाऐवजी संतापच आला. एवढ्याशा गोष्टीसाठी भीक मागायला लावली होती मला.

साहेबांना सांगायला गेले.

"राहू दे ओ मॅडम," ते म्हणाले. "पत्रं आता दुसऱ्या मॅडमकडं दिलीत. तुम्ही निवांत फोन घ्या. कशाला तरास?"

"निवांतपणा कुणी मागितलता?" माझा आवाज अख्ख्या ऑफिसात गेला असणार. गेला तर गेला. "मला माझं काम पायजे."

माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. मी जागेवर जाऊन बसले, कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि फोन वाजू दिला.