झुल्यावरचा तिसरा कट्टा

ओमेश्वरी रहांगडालेच्या घरी कोणतीही वस्तू विकत घ्यायची तर आधी तिच्यावर धानाचा कट्टा ठेवून पाहतात. कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं. ही पद्धत तिच्या वडिलांची, चैनलालची. त्यांनी सायकल घेतली तेव्हा दुकानदाराला कॅरिअरवर कट्टा ठेवायला लावला. लोखंडी पलंग घेतला तो गोंदियाच्या बाजारात, भर रस्त्यावर, तीन कट्टे रचून. एकदा प्लास्टिकची खुर्ची घ्यायला गेले, ती कट्ट्याखाली मोडली. चैनलाल म्हणाले, "बरं झालं, बसलो नाही," आणि पोतं उचलून दुसऱ्या दुकानात गेले. त्यांचा हिशेब सरळ होता. वस्तूवर जेवढं वजन पडणार असेल त्याच्याहून एक कट्टा जास्तीचा ठेवायचा.

"पोरीले पाहाले पोरगा येईन तवा त्याच्याबी खांद्यावर ठेवजा एक," असं रामकली, म्हणजे ओमेश्वरीची आई, म्हणायची.

"एक नाही, दोन," चैनलाल म्हणायचे. ते मजाक करत नव्हते.

या घरात वाढलेली पोरगी पुढे सिव्हिल डिप्लोमाला गेली यात नवल नाही. आज ती पाटबंधाऱ्याच्या कामावर आहे आणि कालव्याच्या पुलावरून जाताना आधी पाय आपटते. पण ही गोष्ट २०१७ च्या मे महिन्यातली आहे. ती एकोणीस वर्षांची होती आणि पॉलिटेक्निकमधून तिला चार आठवडे ट्रेनिंग करायचं होतं. सोबतच्या पोरांना रस्ते मिळाले, एकाला पाण्याची टाकी मिळाली. ओमेश्वरीला जिल्ह्यातल्या एका नव्या नगर पंचायतीचे बगीचे मिळाले.

नगर पंचायत नवी होती, बगीचे ग्रामपंचायतीच्या काळातले. आपल्याला वारशात काय काय मिळालं ते पंचायतीला माहीत नव्हतं. म्हणून तीन बगीच्यांतली एकूण एक वस्तू पाहून फॉर्म भरायचा होता. बाकडी, नळ, दिवे, झुले, फाटकं, सगळ्या मिळून चौऱ्याण्णव वस्तू. प्रत्येकीपुढे तीन रकाने होते : उत्तम, साधारण, नादुरुस्त. तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं की नोंद प्रत्यक्ष तपासणी करूनच करावी, आणि बदलायची झाल्यास पुन्हा प्रत्यक्ष तपासणी करावी.

बगीच्यांचं काम पाहणारे लांजेवार साहेब भले माणूस होते. पंख्याखाली बसून त्यांनी तिला काम समजावलं.

"सगळीकडं साधारण लिहिजो."

"न पाहता, सर?"

"पाहजो ना. पाहून साधारण लिहिजो. उत्तम लिहिलं त वरचे विचारतेत, मंग दुरुस्तीचे पैसे कायले मांगता? नादुरुस्त लिहिलं त विचारतेत, आतापर्यंत झोपले होते का? साधारण लिहिलं त कोणी काही विचारत नाही. बावीस वर्षं नोकरी झाली माझी."

"आणि खरंच नादुरुस्त असन त?"

"त मंग ट्रॅक्टर पाठवतो, वस्तू गोदामात नेतो. नियम आहे. लोकाले लागलं-बिगलं त माझ्या अंगावर येते."

ओमेश्वरीनं वहीत लिहून घेतलं.

पहिले दोन बगीचे अडीच आठवड्यांत झाले. मोठा बगीचा बसस्टँडच्या मागं होता. तिथला चौकीदार बकाराम दुपारी बारा ते चार पुढच्या फाटकाला कुलूप लावून करंजीच्या सावलीत झोपायचा. ओमेश्वरी पॅसेंजरनं उतरून यायची, तिला कुलपाची वेळ माहीत नव्हती. पहिल्याच दिवशी ती दुपारी एकला आली, फाटक हलवून पाहिलं, आणि आतून बायकांचं हसणं ऐकलं.

"अंदर कोन हाय गा?" तिनं ओरडून विचारलं.

"कोणी नाही," बकाराम झोपेतून म्हणाला. "बगीचा बंद हाय."

ती बगीच्याला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. मागच्या फाटकाची कडी तुटली होती आणि फाटक एका विटेवर टेकलेलं होतं. आत मोठ्या झुल्याभोवती सहा बायका होत्या. झुल्यावर पाटी होती : फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी. पाटीखाली पन्नाशीची, सत्तर किलोच्या पुढची एक बाई डोळे मिटून झोके घेत होती. तिचं नाव सावित्रीबाई. किराणा दुकानवाल्या छोटेलालची बायको. पाच वर्षांपासून या बायका रोज दुपारी येत. घरी सांगत, मंदिरात भजनाला जातो. मंदिर बगीच्याला लागूनच होतं, म्हणून कोणाला फार खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं.

"कोन वो तू?" सावित्रीबाईनं झुला न थांबवता विचारलं.

"बगीच्याचं तपासून राहिली. ट्रेनिंग हाय माझी."

"तपास ना मंग. त्या फाटकाले साधारण लिहिजो, बाई. दुरुस्त झालं त आम्ही येऊ कुठून?"

बायका हसल्या. ओमेश्वरीनं फाटक उघडून-लावून पाहिलं. ते उघडत होतं आणि लागत होतं, विटेची मदत लागत होती एवढंच. तिनं साधारण लिहिलं.

झुल्याचं तसं नव्हतं. तिनं बकारामला उठवलं, त्याचा स्टूल मागितला आणि वर चढली. झुल्याच्या दोन साखळ्या वरच्या पाईपाला दोन कड्यांनी अडकवल्या होत्या. कडी मुळात सोळा मिलिमीटरची. डावीकडची घासून घासून सहावर आली होती. तिनं दोनदा मोजलं.

खाली उतरून ती म्हणाली, "कडी गेली, काकू. हे नादुरुस्त लिहा लागते."

झुल्यावर बसल्याबसल्या सावित्रीबाईनं दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या.

"मागच्या साली घसरगुंडी दुरुस्तीले नेली," शकुंतलाबाई म्हणाली. ती सहाजणींत सगळ्यात बारीक, बिड्या वळणारी. "आली का वापस?"

"नाही आली," बकाराम म्हणाला. "गोदामात हाय. तिच्यावर कोंबड्या बसतेत."

"सुन, बेटी," सावित्रीबाई झुल्यावरून उतरली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "लग्नाले बत्तीस साल झाले. घर, दुकान, नातवंडं. दिवसातून ये एक घंटा अपना है. तू रकान्यात फुली मारशीन आन् ट्रॅक्टर येईन. फिर हम कहाँ बैठेंगे?"

"आणि कडी तुटली त?"

"पाच साल बसून राहिली मी. कडीनं मले काही सांगतलं नाही."

ओमेश्वरी दोन दिवस त्या ओळीपाशी थांबून राहिली. सत्त्याऐंशीवी वस्तू, झुला मोठा, एक. साधारण लिहिलं तर कोणाची तरी कंबर मोडणार. नादुरुस्त लिहिलं तर झुला कोंबड्यांना जाणार. तिनं वडिलांना विचारलं. चैनलालनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कट्टा ठेवून पाह्यली का?"

तिसऱ्या दिवशी दुपारी ते शेजाऱ्याच्या टेम्पोत उन्हाळी धानाचे चार कट्टे घालून मागच्या फाटकातून आत आले. बायकांना बातमी होतीच, त्या आधीच येऊन बसल्या होत्या.

"जास्तीत जास्त किती वजन बसते?" चैनलालनी विचारलं.

सगळ्यांनी सावित्रीबाईकडे पाहिलं.

"माझ्याकडं काऊन पाहून राहिल्या?" ती म्हणाली. "साठ असन."

"ऐंशी," बकाराम म्हणाला. "मी झुलवतो ना रोज, झोपाच्या आधी."

"दोन कट्टे," चैनलाल म्हणाले. "आन् एक जास्तीचा."

पहिला कट्टा ठेवला, बकारामनं झुलवला, काही झालं नाही. दुसरा ठेवला. पाईप कुरकुरला, पण झुला गेला आणि आला. सावित्रीबाईनं 'सांगतलं होतं ना' अशा नजरेनं ओमेश्वरीकडे पाहिलं. मग तिसरा ठेवला, दोरीनं बांधला. बकारामनं दोन्ही हातांनी रेटलं. झुला पुढं गेला, वर थोडा थांबला, आणि परत येताना डावी कडी तुटली. फळी तिरपी झाली, तीन कट्टे जमिनीवर आदळले, त्यातला एक फुटला आणि धान सावित्रीबाईच्या पायांपर्यंत पसरलं.

सावित्रीबाईनं एक पाय मागं घेतला.

"मी असती," सावित्रीबाई म्हणाली.

"तू अन् कट्टा दोघंबी असते," बकाराम म्हणाला.

बायका खाली बसून धान वेचू लागल्या. शकुंतलाबाईनं पदराचं सूप केलं. आणि अशा वेळी, हातात फाईल घेऊन, लांजेवार साहेब पुढच्या फाटकाचं कुलूप उघडून आत आले. आठवड्यातून एकदा ते बगीच्यात यायचे. तोच दिवस होता. त्यांनी तुटलेला झुला पाहिला, धान पाहिलं, धान वेचणाऱ्या सहा बायका पाहिल्या आणि टेम्पो पाहिला.

"ओमेश्वरी," ते म्हणाले, "तुले तपासाले पाठवली होती. मोडाले नाही."

"तपासतानाच मोडला, सर."

"त्याच्यासाठी फॉर्ममधी रकाना हाय का?"

"नाही, सर."

"मंग?" साहेब घाम पुसत म्हणाले. "उद्या अकरा वाजता ट्रॅक्टर पाठवतो. नादुरुस्त लिही आणि माझी सही घे. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट बी उद्याच देऊन टाकतो. एक आठवडा आधी. घरी जा."

ते गेले. बायकांच्या हातातलं धान तसंच राहिलं. सावित्रीबाई फळीवर हात ठेवून बसली होती, फळीचं एक टोक जमिनीवर होतं.

"तुझा दोष नाही, बेटी," ती म्हणाली. "तुझं सर्टिफिकेट होऊन राहिलं ना? घे."

ओमेश्वरीनं फॉर्म काढला. सत्त्याऐंशीव्या ओळीपुढं तीनही रकाने कोरे होते. तिनं विचारलं, "काकू, इथी लोहार कोन हाय?"

"उदाराम. बसस्टँडच्या समोर. काऊन?"

"उद्या अकराले नादुरुस्त असन तरच ट्रॅक्टर नेईन ना?"

सावित्रीबाई उठली. नंतर लोक सांगायचे की पन्नाशीच्या बाईला इतक्या लवकर उठताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

उदाराम लोहार विळे आणि कुऱ्हाडी करायचा. झुल्याची कडी त्यानं कधी केली नव्हती. "किती जाडीची पाहिजे?" त्यानं विचारलं. ओमेश्वरीनं सोळा सांगितलं. चैनलाल म्हणाले, "वीस कर." उदारामकडे बैलगाडीच्या चाकावरच्या जुन्या धावेचं लोखंड पडलं होतं. त्यानं चार वाजेपर्यंत दोन कड्या वळून दिल्या, आणि बकारामनं स्टूल धरला, आणि ओमेश्वरीनं वर चढून त्या बसवल्या. मग चैनलालनी फुटलेला कट्टा सुतळीनं शिवला आणि चारही कट्टे झुल्यावर चढवले.

बकारामनं रेटलं. झुला गेला आणि आला. पाईपानं आवाजसुद्धा केला नाही.

"अजून," चैनलाल म्हणाले.

वीस वेळा रेटल्यावर बकाराम खाली बसला. ओमेश्वरीनं फॉर्म मांडीवर घेऊन सत्त्याऐंशीव्या ओळीत उत्तमवर खूण केली. तिन्ही बगीच्यांत तो एकच उत्तम होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ट्रॅक्टर आला. मागून मोटारसायकलवर लांजेवार साहेब आले, सर्टिफिकेट फाईलमध्ये होतं. झुल्यावर सावित्रीबाई बसली होती, बाकीच्या पाचजणी बाजूला उभ्या होत्या. भजनाची वेळ नसतानाही त्या आज सकाळीच आल्या होत्या.

साहेबांनी फॉर्म वाचला. मग पुन्हा वाचला.

"काल मोडला होता ना?"

"काल मोडला होता, सर. आज उत्तम हाय."

"कोणाले विचारून?"

"विचाराचा रकाना नव्हता, सर."

"हे पाह्य, पोरी," साहेब हळू आवाजात म्हणाले, "ट्रॅक्टर बोलावला. डिझेल लागलं. रिकामा वापस कसा नेऊ? मी स्वतः खोडतो अन् नादुरुस्त करतो. मंग तुझं सर्टिफिकेट घे, मोकळी हो."

ओमेश्वरीनं फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. "नोंद बदलाची त पुन्हा प्रत्यक्ष तपासणी करा लागते, सर. लिहून हाय."

साहेबांनी बारीक अक्षर डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. बावीस वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदा वाचलं असावं. नियम त्यांना आवडायचा. त्यांनी खिशातला पेन काढला, फाईल काखेत मारली आणि झुल्याकडे गेले.

"उठा, बाई. तपासाचं हाय."

सावित्रीबाईनं झोका कमी केला नाही. "नंबर लावा, साहेब. माझ्या मागं शकुंतला हाय. तिच्या मागं चौघी. मंग तुमी."

"सरकारी काम हाय हे."

"तुमचं सरकारी, आमचं बी सरकारी. झुला सरकारचाच हाय."

साहेबांनी ओमेश्वरीकडे पाहिलं, ओमेश्वरीनं कड्यांकडे पाहिलं. ऊन चढत होतं. साहेब करंजीच्या सावलीत, सहाव्या बाईच्या मागं, फाईल धरून उभे राहिले. शकुंतलाबाईनं तर दोन झोके जास्तीचे घेतले. पाऊण तासानं त्यांचा नंबर आला. ते बसले, फाईल मांडीवर ठेवली, आणि सावित्रीबाईनं मागून रेटा दिला. एका हातानं साखळी धरता येईना म्हणून त्यांनी फाईल ओमेश्वरीकडे दिली आणि दुसरा हातही साखळीवर ठेवला.

झुला गेला आणि आला. काही वेळानं साहेबांनी पाय आत घेतले, जसे शाळेत घ्यायचे.

"ने गा ट्रॅक्टर वापस," ते झुल्यावरूनच ओरडले.

ट्रॅक्टरवाला काही वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून पाहत राहिला. मग त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि बायकांना विचारलं, "आखरीचा नंबर कोणाचा हाय?"